सातवा फर्मा

अमरावतीच्या राजापेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याला लागून डावीकडे सध्या मोबाइलची कव्हरं विकणारा बसतो. दिवसभर गिऱ्हाईक असतं, गाणी चालू असतात, त्याच्याशी माझं काही वाकडं नाही. पण सकाळी त्या गाळ्याचं शटर वर गेलं की अजूनही खळीचा वास येईल असं वाटतं आणि येतो तो प्लास्टिकचा. तीसेक वर्षं तिथं देवमनभाऊंचं बाइंडिंगचं दुकान होतं. मागच्या जूनमध्ये भाऊ अकोल्याला, लेकीच्या घरी, वारले. शाळा उघडायला तेव्हा आठ दिवस बाकी होते. हे मुद्दाम सांगतो, कारण भाऊंचं वर्ष शाळा उघडायच्या दिवशीच संपायचं.

भाऊ अंगानं काटकुळे, बोलायला मोजके. चष्म्याची एक काडी केव्हाच तुटलेली होती. तिच्या जागी बाइंडिंगचा मेणदोरा कानाभोवती गुंडाळलेला असे. हाताशी हाडाची एक पट्टी, वीतभर लांब, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. कागद दुमडला की घडीवरून ती पट्टी एकदाच फिरवायची. दुसऱ्यांदा फिरवावी लागली तर पहिल्यांदा आपलं लक्ष नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. कोर्टाची रजिस्टरं, शाळांची हजेरीबुकं, कॉलेजच्या पोरांचे काळ्या रेक्झिनमधले प्रबंध, असं सगळं काम यायचं. एकदा एक प्राध्यापक स्वतःचा जुना प्रबंध घेऊन आले. कपाटाला उदई लागली होती आणि अर्ध्या पानांची चाळणी झाली होती. भाऊंनी तो उलटापालटा केला आणि शांतपणे म्हणाले, "चला, उदईनं तरी वाचला." प्राध्यापकांनी प्रबंध उचलला आणि ते काम दुसरीकडे गेलं.

प्रबंधांचं भाऊंना काही वाटत नसे. लहान पोरांच्या पुस्तकांचं मात्र फार वाटायचं, आणि त्याचं कारण त्यांच्या धंद्यातच होतं. पुस्तक छापताना एका मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना मिळून सोळा पानं छापतात. तो कागद तीनदा दुमडला की सोळा पानांची एक जुडी तयार होते, तिला फर्मा म्हणतात. असे आठ-दहा फर्मे ओळीनं लावून शिवले की झालं पुस्तक. भाऊ सातवीत शाळा सोडून वस्तादाच्या हाताखाली फर्मे दुमडायला बसले. दुमडता दुमडता नजर जाईल तेवढं वाचायचं. कधी तिसरा फर्मा वाट्याला यायचा, कधी नववा. मग वस्ताद ओरडायचा आणि गठ्ठा पुढच्या माणसाकडे जायचा. कुणाला राक्षसानं धरून नेलं ते कळायचं, सुटका झाली की नाही ते कळायचं नाही. "माह्या डोक्यात पन्नासेक पोट्टे आजूनबी राक्षसाच्या गुहेत बसून आहेत," असं ते हसत सांगायचे. मला वाटायचं गंमत करतात. पुढं कळलं की यात गंमत फार थोडी होती.

तर, छापखान्यातून बांधायला आलेल्या गठ्ठ्यांत एखाद-दुसऱ्या प्रतीचे कागद जास्तीचे येत. छापखानेवाला म्हणे, असू द्या. भाऊ त्यांतलं पोरांचं पुस्तक बाजूला काढत, त्याचे फर्मे दुमडून ठेवत, पण शिवत नसत. शाळेचा निकाल लागायच्या दिवशी दुकानापुढून प्रगतिपुस्तकं फडकवत पोरं घरी जायची. दुसरी-तिसरीपासून पाचवीपर्यंतची दहा पोरं ते हाका मारून गोळा करायचे आणि प्रत्येकाच्या हातात एकेक फर्मा द्यायचे. एका पुठ्ठ्यावर कोणाकडे कितवा गेला ते लिहायचे आणि पुठ्ठा दाराला टांगायचे. नियम एकच. आपला वाचायचा, मग पुठ्ठा पाहायचा, पुढचा-मागचा ज्याच्याकडे असेल त्याच्या घरी जायचं आणि बदलून घ्यायचा. शाळा उघडली की सगळे फर्मे परत. दहाच्या दहा आले की भाऊ ते पुस्तक लाल कापडात बांधणार, कव्हरवर दहाही पोरांची नावं सोन्याच्या अक्षरांत टाकणार आणि काचेच्या कपाटात ठेवणार. त्यासाठी त्यांनी एक छोटं काचेचं कपाटही आणून ठेवलं होतं. अख्खं बांधलेलं असं एक तरी पुस्तक त्यात जावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

कपाट रिकामंच राहिलं. अकरा उन्हाळे हा उद्योग चालला आणि एकदाही दहाच्या दहा आले नाहीत.

येणार तरी कसे? आमच्याकडचा मे महिना म्हणजे दुपारी कुत्रंदेखील रस्त्यावर दिसत नाही. पोरं कुलरपुढं पडलेली, हातात मोबाइल. उरलेली मामाच्या गावाला. एक फर्मा मोर्शीकडे गेला आणि त्याचं विमान झालं. एक चुलीत गेला. एक फर्मा एका आईनं कुलर डुगडुगतो म्हणून त्याच्या पायाखाली सारला. तिनं तो नंतर आणून दिला, पण पाणी पिऊन त्याचा लगदा झाला होता. भाऊंनी तोही घेतला, उन्हात वाळवला आणि म्हणाले, "कुलर त हालायचा थांबला ना? बस."

सुरुवातीला मी त्यांना वेड्यात काढायचो. एकदा म्हटलं, "भाऊ, द्या इकडं ते सगळे. दहाही पोरांना अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स काढून देतो. कागद माझा, शाई माझी."

"अन् मंग?"

"मग काय? प्रत्येकाच्या घरी पूर्ण गोष्ट."

"सगळं घरीच असन त पोट्टं उठीन कायले?" भाऊ म्हणाले. "त्याले पुढचं पाह्यजे असन तवा ते दुसऱ्याच्या घरी जाईन. दार वाजवीन. म्हणीन, तुह्यापाशी पाचवा आहे का? असं मांगून आणलं का मंग वाचते. घरात पडलेलं कोण वाचते? तुह्या घरी किती पडलेलं आहे, तू वाचतं काय?"

माझ्या मशीनवरून रोज हजारो पानं जातात आणि मी फक्त ती सरळ आली की वाकडी एवढंच पाहतो. पण हार मानायची नाही म्हणून विचारलं, "आणि ज्याच्या वाट्याला सहावा येईल त्यानं मधूनच सुरू करायचं?"

"मंग? कौंडण्यपूरच्या जत्रेत माणूस काय पह्यल्या दुकानापासून पाहत जाते? जठी घुसला तठून पाहते."

पोरानं वाचलं का, हे भाऊ कधी विचारायचे नाहीत. त्याची गरजच नव्हती. दुमडलेल्या फर्म्याच्या कडा बंद असतात. वरून आणि बाजूनं पट्टी घालून त्या फाडल्याशिवाय आतली पानं उघडतच नाहीत. फर्मा देताना भाऊ पोराला पट्टी कशी सरकवायची ते दाखवायचे. पोरांची कंपासपेटीतली पट्टी, पोरांचा हात. ती कड सरळ कधी फाटायची नाही, तिला बारीक दाते पडायचे. फर्मा परत आला की भाऊ चष्मा कपाळावर सरकवायचे आणि कडेवरून नुसतं बोट फिरवायचे. तेवढ्यात त्यांना सगळं कळायचं. कित्येक फर्मे जसे गेले तसे, कोरे करकरीत, कडा बंद असलेले परत यायचे. भाऊ पोराच्या हातावर एक गोळी ठेवायचे आणि पुठ्ठ्यावरचं त्याचं नाव खोडायचे.

ओम नावाचा एक पोरगा होता, चौथीतला, बोलायला पटाईत. तो चौथा फर्मा घेऊन आला आणि दुकानाच्या पायरीवर उभा राहून त्यानं गोष्ट सांगायला सुरुवात केली. राजा काय, वाघ काय, तोफ काय. मी माझं मशीन थांबवून ऐकत राहिलो. त्याचं झाल्यावर भाऊंनी फर्मा हातात घेतला. सगळ्या कडा बंद. पुस्तकात राजाही नव्हता आणि वाघही. भाऊ म्हणाले, "गोष्ट लय झकास आहे बाप्पा तुही. आता ह्याच्यातली काय आहे ते पाहू," आणि त्याच्यापुढं पट्टी ठेवली. ओमनं माझ्याकडे पाहिलं, पट्टी घेतली, बंद कडा खसाखस फाडल्या, फर्मा भाऊंच्या मांडीवर टाकला आणि पळाला. भाऊ इतके हसले की चष्मा खाली पडला. मला म्हणाले, "पाह्यलं का परकास? फाडला त खरा." पुढच्या निकालाच्या दिवशी ओम रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं गेला.

एकदाच, फक्त एकदाच, भाऊंचं पुस्तक पुरं होता होता राहिलं. गोष्ट एका मुलीची होती. तिचा बोकड हरवतो आणि ती त्याला शोधत गावोगाव फिरते. त्या वर्षी काय झालं कोणास ठाऊक, पोरं खरंच एकमेकांच्या दारी गेली. संध्याकाळी उन्हं उतरली की दुकानापुढं येऊन पुठ्ठा वाचायची, भांडायची, "तुह्यापाशी दोन दिवसांपासून आहे, दे आता," असं म्हणायची. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. भाऊ त्या दिवसांत काम करायचे सोडून नुसते दारात बसलेले असायचे. शाळा उघडली आणि दोन दिवसांत नऊ फर्मे आले. नऊच्या नऊ दातेरी कडांचे, एकावर भाजीचा रस्सा सांडलेला. राहिला होता फक्त सातवा.

सातवा होता रेणुकाकडे. मागच्या गल्लीत भाड्यानं राहणाऱ्या कुटुंबातली मुलगी, चौथीतली, दोन वेण्या, कमी बोलणारी. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी ती सातवा घेऊन अचलपूरला मामाकडे गेली होती, त्यामुळं बाकीच्या पोरांनी सहाव्यावरून सरळ आठव्यावर उडी मारली होती. शाळा उघडून आठवडा झाला तरी ती आली नाही. चौकशी केली तर त्यांच्या खोलीला कुलूप. भाऊंनी लाल कापड आधीच कापून ठेवलं होतं. एके दिवशी सकाळी त्यांनी शटर अर्धंच वर केलं, डोक्याला दुपट्टा बांधला आणि मला म्हणाले, "दुकान पाहजो. अचलपूरले जाऊन येतो."

"एका फर्म्यासाठी?"

"पुस्तकासाठी," ते म्हणाले.

पत्ता म्हणजे नुसतं मामाचं आडनाव. तेवढ्यावर त्यांनी एसटी पकडली, अचलपुरात चार ठिकाणी विचारत घर शोधून काढलं. मामा भला माणूस होता. त्यानं पाणी दिलं, चहा दिला. रेणुकाच्या बापाला पुण्याकडे कंपनीत काम लागलं होतं आणि ते सगळे अचलपूरहूनच परस्पर तिकडं गेले होते. मामानं घरातल्या रद्दीत, देवळीत, पलंगाखाली सगळीकडे शोधलं. सातवा तिथं नव्हता. भाऊ संध्याकाळी परत आले, तोंड उन्हानं भाजलेलं. त्यांनी नऊ फर्मे ओळीनं लावले, सहाव्या आणि आठव्यामध्ये बोटभर जागा ठेवून गठ्ठा सुतळीनं सैल बांधला आणि वरच्या फर्म्यात दोरा ओवलेली सुई टोचून ठेवली. "घेऊन गेली म्हणजे वाचत असन," असं म्हणाले. लाल कापडाची घडी गठ्ठ्याखाली गेली.

मी म्हटलं, छापखान्यातून सातव्याचा दुसरा कागद आणू. ते म्हणाले, "त्याच्यावर कोणाचं नाव टाकू? कोणी वाचलेला नाही तो." त्यांच्या या हट्टाचा मला रागही यायचा. नऊ पोरांचा आनंद एका पोरीपायी अडवून धरायचा म्हणजे काय? पण भाऊंपुढं माझं काही चालायचं नाही.

त्यानंतरची वर्षं उताराचीच होती. चार फर्मे परत येऊ लागले, मग तीन. शेवटचा घाव मात्र प्रेमानं बसला. गल्लीत स्वराली नावाच्या मुलीची आई होती, शिकलेली, हौशी. तिला भाऊंच्या कामाचं मनापासून कौतुक. निकालाच्या तिसऱ्याच दिवशी ती दहाही घरांतून फर्मे गोळा करून माझ्याकडे आली. "काका, उन्हातान्हात पोरांनी कशाला वणवण करायची? दहा कॉप्या काढा, स्पायरल करा. आणि एक पीडीएफ पण, ग्रुपवर टाकते." फर्मे सगळे ब्लेडनं कापून सुटे केलेले. मी बटण दाबलं. माझा धंदाच तो आहे. पण भिंतीपलीकडे भाऊ बसलेले आहेत हे मला माहीत होतं आणि मशीनचा आवाज त्यांना ऐकू जात होता.

बाई स्वतः जाऊन भाऊंना एक स्पायरल प्रत भेट देऊन आली. भाऊंनी ती दोन्ही हातांत घेतली, म्हणाले, "लय चांगलं केलं ताई." ग्रुपवर पन्नास अंगठे आले. त्या उन्हाळ्यात पुठ्ठा पाहायला एकही पोर आलं नाही. शाळा उघडल्यावर मी स्वरालीला सहज विचारलं, गोष्ट कशी होती ग? ती म्हणाली, "आहे काका, मम्मीच्या मोबाइलमध्ये."

त्याच पावसाळ्यात भाऊंची उजवी बाजू गेली. त्यांची लेक सुनंदा अकोल्याहून आली आणि त्यांना घेऊन गेली. दुकान रिकामं करताना यंत्रं विकली, काचेचं कपाटही विकलं. अकरा वर्षांचे अकरा गठ्ठे मात्र भाऊंनी माझ्या स्वाधीन केले. "माळ्यावर ठेवजो परकास. तुह्यापाशी जागा आहे." नऊ फर्म्यांचा तो सुई टोचलेला गठ्ठा त्यांनी स्वतः, डाव्या हातानं, माझ्या हातात दिला.

आता जे सांगायचं ते सांगूनच टाकतो. पुढच्या दिवाळीत मी रंगीत छपाईचं मशीन घेतलं. त्याचे खोके ठेवायला माळा रिकामा करावा लागला. रद्दीवाला दारात उभाच होता. गठ्ठे खाली काढले तेव्हा सुई माझ्या बोटाला टोचली होती, म्हणजे कोणता गठ्ठा हातात आहे हे मला कळलं नाही असंही म्हणता येत नाही. मनात म्हटलं, अर्धवट पुस्तकं आहेत, कोण विचारणार आहे. भाऊंना मी काही कळवलं नाही. फोनवर ते गठ्ठ्यांची चौकशी करायचे आणि मी "आहेत ना" म्हणायचो.

मागच्या वर्षी मे संपता संपता एक मुलगी दुकानात आली. बारावी झालेली, प्रवेशाचे कागद झेरॉक्स करायचे होते. टीसी, मार्कशीट, जातीचा दाखला. प्लास्टिकच्या फाइलमधून एकेक कागद काढता काढता तिनं एक जाडसर घडी माझ्यापुढं सरकवली. म्हणाली, "काका, इथं बाजूला बाइंडरभाऊ होते ना? हे त्यांचं राहिलं होतं माझ्याकडे. आई म्हणाली, अमरावतीला चाललीच आहेस तर देऊन ये."

ती रेणुका होती. मी घडी उलटी केली. कोपऱ्यात भाऊंच्या अक्षरात निळ्या पेन्सिलीनं सात लिहिलेला.

"पुण्यात इतकी वर्षं सांभाळलास?"

"आईनं कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवला होता. कोणाचं आहे, हरवायचं नाही म्हणून."

"वाचलास का?"

"हो. मस्त होता," ती म्हणाली आणि मोबाइल वाजला म्हणून बाहेर गेली.

मी कडेवरून बोट फिरवलं. वरची कड बंद. बाजूची बंद. आठ वर्षं तो फर्मा जपून ठेवला होता आणि एकदाही उघडला नव्हता.

तिच्यावर रागवावं तर कशासाठी? माझ्या हातून काय झालं होतं ते मलाच ठाऊक होतं. पण भाऊंचं ते वाक्य आठवलं, घेऊन गेली म्हणजे वाचत असन. त्या एका वाक्यावर म्हातारा इतकी वर्षं बसला होता. मी ड्रॉवरमधून कटर काढला, स्टीलची पट्टी लावली आणि दोन्ही बंद कडा उघडल्या. रविवारी दुकान बंद ठेवून अकोल्याची गाडी धरली.

सुनंदाचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. बाहेरच्या खोलीत खिडकीला कुलर, त्याच्यापुढं लोखंडी पलंगावर भाऊ. उजवा हात उशीवर ठेवलेला, चष्म्याला तोच मेणदोरा. मूर्तिजापूरपर्यंत मी काय बोलायचं ते ठरवत आलो होतो, पण त्यांना पाहिल्यावर नुसता फर्मा काढून डाव्या हातात दिला.

"सातवा," मी म्हटलं. "रेणुका आली होती स्वतः. वाचला म्हणाली. मस्त होता म्हणाली."

भाऊंनी चष्मा कपाळावर सरकवला. निळा सात पाहिला. मग डावा अंगठा कडेवरून हळूहळू फिरवला, वरून आणि मग बाजूनं. कुलरचा आवाज चालला होता. सुनंदा चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"पट्टीनं नाही फाडला हा," भाऊ म्हणाले. जीभ थोडी जड झाली होती, पण शब्द कळत होते. "कटरनं कापला. आताच कापला."

मी खाली पाहिलं. माझ्या वयाला, पन्नाशीच्या माणसाला, ओमसारखं पळून जावंसं वाटलं.

"जाऊ दे," ते म्हणाले. "तू तरी वाचला काय?"

"नाही."

"दोन घंटे गाडीत बसून होता ना?"

"नाही वाचला, भाऊ."

त्यांनी फर्मा माझ्यापुढं धरला. "मंग वाच. मोठ्यानं वाच. मले चष्म्यानंबी बारीक दिसत नाही आता."

मी वाचायला लागलो. शाळा सोडल्यानंतर असं मोठ्यानं कधी वाचलं नव्हतं. पहिली दोन पानं अडखळत गेली. ती पोरगी नदीकाठी येऊन पोचलेली असते, तिच्यामागं एक म्हातारी लागलेली, ती कोण ते मला ठाऊक नाही. नावाडी तिला नावेत घ्यायला तयार नसतो. पैंजण देते म्हणते, तरी नाही. मग अंधारून येतं आणि पलीकडच्या काठावरून बें असा आवाज येतो. चहावर साय धरली तरी मी थांबलो नाही. सुनंदा दाराला टेकून ऐकत उभी होती. सोळाव्या पानावर शेवटची ओळ होती: नावाडी म्हणाला, "पोरी, पलीकडं जे उभं आहे ना, ते". तिथं पान संपलं.

मी पान उलटायला गेलो. पुढं पानच नव्हतं. आणि माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "पुढचा कोणापाशी आहे?"

भाऊ माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांचा चेहरा असा उजळला की तसा मी दुकानातही कधी पाहिला नव्हता. अकरा उन्हाळे दारात बसून ज्या प्रश्नाची ते वाट पाहत होते, तो त्यांना एका झेरॉक्सवाल्यानं विचारला होता.

"आठवा?" ते म्हणाले. "तुह्यापाशीच त आहे लेका. तुह्या माळ्यावर. नऊच्या नऊ आहेत, हा धरून दहा." मग सुनंदाकडे वळले. "सुनंदे, माही पेटी काढ. सुई अन् मेणदोरा पाह्य. लाल कापड त गठ्ठ्यातच आहे. परकास, येत्या रविवारी घेऊन येजो सगळे. आठवा तू घरी वाचून घे, पण बाकीचे घेऊन ये. डाव्या हातानं शिवतो मी. होते काय नाही पाहू. शाळा उघडाच्या आधी झालं पाह्यजे."

सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण सुनंदा पेटी घेऊन आली, तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती मला हळूच म्हणाली, "दोन वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं त्यांनी."

"आणतो," मी म्हटलं.

त्यानंतर दोन रविवार गेले. दोन्ही रविवारी दुकानात गिऱ्हाईक नसतानाही मी काउंटरमागं बसून राहिलो. रद्दीवाल्याकडे जाऊन आलो; त्यानं ते गठ्ठे दिवाळीतच गाडीत भरून पाठवले होते. तिसऱ्या रविवारच्या आधी सुनंदाचा फोन आला. ती रडत नव्हती. म्हणाली, "बाबा रोज विचारत होते, परकास निघाला का म्हणून."

सातवा फर्मा माझ्याकडेच आहे. त्या दिवशी अकोल्याहून निघताना भाऊंनीच तो माझ्या हातात कोंबला होता, बाकीच्यांसोबत आण म्हणून. मी जिन्याच्या वळणावर आलो आणि वर पाहिलं. दार उघडंच होतं. भाऊ पलंगाच्या कडेला सरकून बसले होते, सुई निर्जीव उजव्या हाताच्या बोटांत अडकवलेली, आणि डाव्या हातानं ते तिच्यात दोरा ओवत होते. दोरा दोनदा चुकला. तिसऱ्यांदा त्यांनी त्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं.